हालस्टाट: खालून फोटो काढून परत फिरायचं, की वरच्या चर्चपर्यंत चढायचं?

ओवी_नाशिक
नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात ऑस्ट्रियाला जातोय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ७२, गुडघे कुरकुरतात पण उत्साह दांडगा). साल्झबर्गला मुक्काम आहे आणि त्यातला एक पूर्ण दिवस हालस्टाटसाठी ठेवलाय.

नवऱ्याचं म्हणणं, तो प्रसिद्ध फोटो काढायचा, तळ्याकाठी बसून कॉफी प्यायची आणि परत यायचं. मला मात्र तिथलं जुनं गॉथिक (मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीतलं) चर्च बघायचंय. कॉलेजात वास्तुकलेचा एक पेपर होता, तेव्हापासून पुस्तकातल्या कमानी डोक्यात आहेत. अडचण अशी की ते चर्च उंचावर आहे म्हणे, आणि शेजारी मृतांच्या कवट्या मांडून ठेवलेली एक खोली आहे. सासूबाईंना ते चालेल का? लेक घाबरेल का? आणि आपण ख्रिश्चन नाही, तर आत जाऊन नुसतं बघत फिरणं बरं दिसतं का? गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

चकलीचा_सोऱ्या
रुमाल टाकून ठेवतो. आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय.

इसारकाठ
म्युनिकला बारा वर्षं झाली, हालस्टाटला पाच-सहा वेळा गेलोय. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नव्वद टक्के लोकांचा इथेच घोळ होतो. त्या प्रसिद्ध फोटोत तळ्याकाठी सुईसारखा टोकदार मनोरा दिसतो ना, ते तुमचं गॉथिक चर्च नव्हेच. ते ल्यूथरपंथीयांचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं चर्च, १८६३ सालचं. म्हणजे गॉथिक धाटणीचं, पण नवं. खरं जुनं, कॅथलिक गावकऱ्यांचं चर्च त्याच फोटोत डोंगराच्या अंगाला, घरांच्या वर चिकटलेलं असतं. त्याच्या बुटक्या दणकट मनोऱ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. लोक भलत्याच चर्चचा फोटो 'पुरातन गॉथिक चर्च' म्हणून टाकतात.

वरचं चर्च १५०५ साली पूर्ण झालं. मनोऱ्याचा खालचा भाग त्याहून जुना, बाराव्या शतकातला.

ओवी_नाशिक
बाप रे, मी पण त्याच फोटोवर बोट ठेवून नवऱ्याला चर्च दाखवत होते! धन्यवाद इसारकाठ. मग एवढ्याशा गावात दोन चर्च कशासाठी?

इसारकाठ
त्यामागे मोठी कहाणी आहे. सोळाव्या शतकात तिथले मिठाचे खाणकामगार मोठ्या संख्येने ल्यूथरच्या बाजूला गेले. ऑस्ट्रियावर राज्य करणारं हाब्सबुर्ग राजघराणं कट्टर कॅथलिक. १७३४ पासून या खोऱ्यातल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना घरदार सोडायला लावून थेट ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रुमानियात, नेऊन वसवलं. मागे राहिलेल्यांनी आपला धर्म घरातच गुपचूप पाळला. १७८१ मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने सहिष्णुतेचा हुकूम काढला तेव्हा ते उघडपणे जमू लागले, पण पूर्ण समान हक्क मिळायला १८६१ उजाडलं. त्यानंतर दोनच वर्षांत ते टोकदार मनोऱ्याचं चर्च उभं राहिलं, तेही अगदी पाण्याशी, साऱ्या गावाला दिसेल अशा जागी. एवढी वर्षं लपून प्रार्थना केलेल्या लोकांनी मनोरा उंच का बांधला असेल, ते तिथे उभं राहिलं की कळतं. त्यामुळे ओवी, दोन्ही बघाच.

निळी_छत्री
मी विरोधी सूर लावते. आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. हालस्टाटला दीड तास दिला. त्यातली वीस मिनिटं बसच्या तळापासून चालण्यात गेली, रस्त्यावर मुंबई लोकलसारखी गर्दी, फोटोच्या जागी रांग. चर्च वर आहे हे कुणी सांगितलंच नाही. मला गाव आवडलं नाही, खरंच. सातशे-साडेसातशे वस्तीच्या गावात हंगामात एकेका दिवशी दहा हजार माणसं येतात. तिथल्या लोकांनी २०२३ मध्ये फोटोच्या जागेसमोर लाकडी कुंपण घातलं होतं, तेव्हा मला त्यांचं बरोबरच वाटलं. टीका झाली म्हणून नंतर काढावं लागलं. आपण तरी त्या गर्दीत भर का घालायची?

चकलीचा_सोऱ्या
चीनमध्ये अख्ख्या हालस्टाटची नक्कल बांधलीय, ग्वांगडोंगमध्ये, २०१२ साली. गर्दी टाळायची तर तिकडे जा. :)

इसारकाठ
सोऱ्या, त्या नकलेत टोकदार मनोरा आहे, पण खरी गोष्ट म्हणजे वरची दफनभूमी. ती कुठून आणणार?

निळी_छत्री, तुमचा राग पटतो. पण गर्दीची जागा अगदी नेमकी आहे. फोटोचा कोपरा, मुख्य चौक आणि त्यांना जोडणारा रस्ता, बस्स. चौकाच्या वरच्या अंगाला छप्पर घातलेला जिना चर्चकडे चढतो. शंभर पावलं वर गेलात की आवाज खाली राहतो. जुलैतल्या शनिवारी दुपारीसुद्धा मला वर दहा-पंधरा माणसंच भेटलीत.

वसईचा_पाव्हणा
ओवीताई, मी वसईचा, कॅथलिक. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर मीच द्यायला हवं. आत जायला कुणालाही मनाई नसते. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, टोपी काढावी, आवाज हळू. मिस्सा (आमची सामूहिक प्रार्थना) चालू असेल तर मात्र आत फिरू नका. बसायचं असेल तर मागच्या बाकावर बसा, नाहीतर बाहेर थांबा. मेणबत्ती लावावीशी वाटली तर खुशाल लावा, पेटीत पैसे टाका. आपण देवळात बाहेरचा पाहुणा आला की जेवढं मनापासून म्हणतो 'या, दर्शन घ्या', तेवढंच.

आता कवट्यांबद्दल. तुम्हाला ते विचित्र वाटणं साहजिक आहे, पण आमच्याकडे ही गोष्ट नवी नाही. वसईत काय, मुंबईत काय, गोव्यात काय, दफनभूमीत जागा कमी. माझ्या आजोबांची कबर काही वर्षांनी आजीसाठी उघडली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यांची हाडं काढून, पांढऱ्या कापडात बांधून, फादरांनी प्रार्थना म्हटल्यावर परत आजीच्या पायाशी ठेवली. बाबांनी ती पुरचुंडी स्वतः हातात धरली होती. 'बघ, किती हलके झालेत आजोबा,' एवढंच म्हणाले. मला भीती वाटली नाही. हालस्टाटमध्येही मुळात हेच आहे.

ओवी_नाशिक
वसईचा_पाव्हणा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सासूबाईंनाही वाचून दाखवला.

मीठभाकर
भूगर्भशास्त्र शिकवतो, नागपूरला. तीन वर्षांपूर्वी एका परिषदेला जोडून हालस्टाटला गेलो होतो, मुख्यतः खाणीसाठी. पण चर्च समजायचं तर आधी मीठ समजून घ्यायला हवं, म्हणून थोडं लांबण लावतो.

गावाच्या वर डोंगरात मिठाचा साठा आहे आणि तो हजारो वर्षांपासून खणला जातोय. खाणीजवळच्या उंच दरीत योहान गेओर्ग राम्साउअर नावाच्या खाण-अधिकाऱ्याने १८४६ ते १८६३ या काळात ९८० प्राचीन कबरी उघडल्या. एकेका कबरीचं जलरंगात चित्र काढून घेतलं. इ. स. पू. ८०० ते ४५० या काळातल्या युरोपीय संस्कृतीला आज 'हालस्टाट संस्कृती' म्हणतात ते या शोधामुळेच. शिवाय १७३४ मध्ये खाणीत मिठात जपलं गेलेलं एका प्राचीन खाणकामगाराचं शव सापडलं होतं. म्हणजे ज्या वर्षी जिवंत खाणकामगारांना हाकलायला सुरुवात झाली, त्याच वर्षी डोंगराने एक मेलेला परत दिला.

मीठ काढायचं म्हणजे खारं पाणी उकळायचं, आणि उकळायला लाकूड. आसपासची जंगलं संपत आली तेव्हा १५९५ ते १६०७ या काळात हालस्टाटपासून एबेनझेपर्यंत सुमारे ४० किलोमीटर लांबीची नळवाट टाकली, खारं पाणीच जंगलाकडे न्यायला. सुमारे १३,००० झाडांचे बुंधे आतून पोखरून एकमेकांत बसवले होते. त्या मार्गाच्या काठाने आजही चालता येतं.

आता चर्चमध्ये जा आणि लिओनहार्ड आस्टलचं पंखांचं अल्टार बघा, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं. मधोमध बाळाला घेतलेली मारिया. तिच्या एका बाजूला संत बार्बारा, दुसरीकडे संत कॅथरीन. बार्बारा खाणकामगारांची रक्षणकर्ती, कॅथरीन लाकूडतोड्यांची. मीठ आणि लाकूड! ज्या दोन कष्टांवर गाव जगत होतं ते दोन्ही देवीच्या शेजारी उभे केलेत. हे लक्षात आलं आणि मी बाकावर बसूनच राहिलो, खाणीची पुढची फेरी चुकली तरी उठवेना.

निशिगंध_७४
मीठभाकर, काय सुंदर लिहिलंय. पंखांचं अल्टार म्हणजे नेमकं काय, कुणी सांगेल का? मला डोळ्यांसमोर येत नाहीये.

मीठभाकर
आपल्याकडे देव्हाऱ्याला दारं असतात ना, तसंच, पण माणसाहून उंच. मध्ये कोरीव, रंगवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी मूर्तींची पेटी. दोन्ही बाजूंना बिजागरीवरची दारं, आतून-बाहेरून चित्रं किंवा उठावकाम. एरवीच्या दिवसांत दारं मिटलेली, सणावारी उघडलेली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना आज कुठला दिवस आहे हे दारंच सांगायची.

इसारकाठ
या विषयावर बोलायचं तर हालस्टाटपेक्षा त्याच भागातलं सांक्ट वोल्फगांग हे गाव सरस आहे, हे मी ठणकावून सांगतो. साल्झबर्गहून बाड इशलला जाणारी १५० नंबरची बस त्याच भागातून जाते. तिथल्या तीर्थ-चर्चमध्ये मिखाएल पाखर या कारागिराचं अल्टार आहे. १४७१ मध्ये करार, १४८१ मध्ये पूर्ण, उंची सुमारे १२ मीटर. दारांच्या दोन जोड्या, म्हणजे तीन वेगवेगळी दर्शनं. कोरीवकामात कपड्यांच्या चुण्यांत सावली कशी साठते ते बघत राहावं. त्याच चर्चमध्ये थॉमस श्वान्थालरचं १६७०च्या दशकातलं बारोक (गॉथिकनंतरच्या, भरगच्च सजावटीच्या शैलीतलं) अल्टार आहे. असं सांगतात की श्वान्थालरला पाखरचं जुनं अल्टार हटवून आपलं उभारायचं होतं, पण जुनं काम बघून त्यानेच मठाधिपतीला विनवलं की हे राहू द्या, माझं दुसरीकडे लावतो. खरी असो वा दंतकथा, दुसऱ्या कारागिराच्या कामापुढे मान तुकवणारा कारागीर मला फार मोठा वाटतो.

मीठभाकर
कलाकृती म्हणून पाखर सरस, मान्य. पण गाव आणि चर्च यांचा जो सांधा हालस्टाटला दिसतो, तो वोल्फगांगला नाही. तिथे यात्रेकरू येत होते, इथे तेच लोक पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्म्यापासून कवटीपर्यंत एकाच अंगणात.

पणजीची_पोर
अवांतर आहे, पण चांदीची आठवण आली म्हणून लिहिते. तुम्ही मिठाच्या चर्चबद्दल बोलताय, ऑस्ट्रियाच्याच तिरोल प्रांतात श्वात्स नावाच्या गावी चांदीचं चर्च आहे. म्हणजे चांदीच्या खाणीवर उभं राहिलेलं. इन्सब्रुकहून जवळ. चार दालनांचं गॉथिक चर्च, छपरावर सुमारे १५,००० तांब्याच्या फरश्या. मधून लाकडी भिंत होती. एका बाजूला नगरातले नागरिक, दुसऱ्या बाजूला खाणकामगार, प्रत्येकाचं गर्भगृह वेगळं. ती भिंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली.

या चांदीचा व्यापार आउग्सबुर्गच्या फुगर घराण्याच्या हातात होता, आणि १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदाचं जे पोर्तुगीज आरमार भारताकडे निघालं त्यात फुगर आणि वेल्झर या जर्मन सावकारांचा पैसा होता. त्याच आरमाराने आमच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधला. हालस्टाटचं चर्च पूर्ण झालं तेच साल! लहानपणी कारवारच्या बाजूने ते बेट लांबून बघितलंय. आल्प्सच्या खाणीवाल्या सावकारांची सावली तिथवर पोचली होती हे वाचलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती.

चकलीचा_सोऱ्या
धागा वाचनखूण म्हणून साठवला. असे प्रतिसाद येतात म्हणून तर इथे यायचं.

सह्यवाट
मला एक खटकतं. मृतांच्या कवट्या रंगवून, मांडून, पैसे घेऊन दाखवायच्या? आपल्याकडे अस्थी तीन दिवसांत गोळा करून नदीत सोडतो. माणूस मोकळा झाला पाहिजे. त्यांचं त्यांना लखलाभ, पण अकरा वर्षांच्या मुलीला मी नेणार नाही. मेलेल्याचंही काही खासगी असतं.

वसईचा_पाव्हणा
सह्यवाट, तुमची भावना समजते, आणि गर्दीने फोटो काढत सुटावं हे मलाही आवडत नाही. पण हे पर्यटकांसाठी कुणी उभं केलेलं नाही. डोंगर आणि तळं यांच्या मधल्या पट्टीवर चर्चचं अंगण केवढं! नवीन माणसाला जागा हवी म्हणून दहा-पंधरा वर्षांनी जुनी कबर उघडायची. निघालेली कवटी आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवून पांढरी करायची. मग कपाळावर नाव, सन, आणि फुलापानांची माळ रंगवायची. म्हणजे कबर गेली तरी नाव जाऊ नये. आणि एकाच घरातल्या माणसांना शेजारी शेजारी ठेवायचं. १२००च्या आसपास कवट्या आहेत, त्यातल्या ६१० रंगवलेल्या. रंगवण्याची रीत १७२०च्या सुमाराची. पुढे दहनाला चर्चची परवानगी मिळाली, १९६३ मध्ये, तशी ही रीत ओसरली. शेवटची कवटी १९९५ मध्ये ठेवली, एका बाईंची. त्या १९८३ मध्ये वारल्या होत्या आणि ही त्यांचीच इच्छा होती. त्यांचा सोन्याचा दात अजून दिसतो.

तिकिटाचे पैसे थोडेसेच आहेत.

सह्यवाट
स्वतःची इच्छा होती हे ठाऊक नव्हतं. मग माझा आक्षेप निम्मा मागे घेतो. निम्मा राहू द्या.

निशिगंध_७४
मी ते बघितलंय, २०१६ मध्ये, आई गेल्यानंतर चार महिन्यांनी. आईच्या अस्थी रामकुंडात सोडल्या तेव्हा हात रिकामा झाल्याचं जे वाटलं ते अजून विसरत नाही. तिथे त्या खोलीत उभी राहिले आणि पहिल्यांदा मनात आलं की या लोकांना कपाळावर हात ठेवता येतो. मी काही तुलना करत नाही. आपलं आपल्याला बरोबर, त्यांचं त्यांना. पण मला तिथे रडू आलं आणि बरं वाटलं. ओवी, सासूबाईंना न्या. नाही म्हणाल्या तर त्या बाहेर अंगणात बसतील, समोर तळं असतं. तिथल्या कबरी म्हणजे एकेक वाफा आहे, फुलं अशी निगुतीने लावलेली.

निळी_छत्री
आता मला परत जावंसं वाटायला लागलंय. दीड तासात मी काय बघून आले?

इसारकाठ
प्रवासाचं सांगतो. ट्रेनने गेलात तर स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. गाडीच्या वेळेनुसार होडी असते, ती गावात सोडते. सासूबाई असल्या तरी हीच वाट घ्या. गाव आधी पाण्यावरून बघायचं असतं. सकाळी नऊच्या आत पोचा, आधी वर चढा, गाव नंतर. आणि परतीच्या शेवटच्या होडीची वेळ उतरताच बघून ठेवा.

ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, गुरुवारी, ख्रिस्तशरीराचा सण येतो. त्या दिवशी या चर्चची मिरवणूक होड्यांतून तळ्यावर निघते, सतराव्या शतकापासून. तुमच्या तारखांत बसतोय का बघा.

ओवी_नाशिक
तारखांत बसत नाही, आठ दिवसांनी हुकतोय. बाकी सगळं टिपून घेतलं. आल्यावर लिहीनच.

ओवी_नाशिक
(जून)
मंडळी, परत आलो. उशीर झाला, लेकीची शाळा सुरू झाली.

इसारकाठ म्हणाले तसं होडीने गेलो. पाऊस भुरभुरत होता, समोर डोंगरावर ढग, आणि दोन मनोरे. लेकीने सगळ्या होडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "खालचं नवं, वरचं जुनं!" जिना मात्र खरंच चढाचा आहे. सासूबाई चार ठिकाणी थांबल्या, पण जिन्याला छप्पर असल्यामुळे पावसाचा त्रास झाला नाही. वर आम्ही सोडून एक वयस्क जोडपं होतं, बस्स.

चर्चमध्ये दोन दालनं, मधे खांबांची ओळ. खांबातून निघालेल्या दगडी शिरा छतावर फाकत जातात, ते मी वीस वर्षांपूर्वी परीक्षेसाठी पेन्सिलने काढलं होतं. वर बघत राहिले. नवरा हळूच म्हणाला, "पिंपळाच्या पानासारखं आहे." कॉफीची आठवणही त्याने काढली नाही. बार्बारा आणि कॅथरीन दोघींना शोधलं. मीठभाकर, सासूबाईंना मीठ आणि लाकडाचं सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे चुलीचंच की सगळं."

कवट्यांच्या खोलीत जायचं का ते मी त्यांच्यावर सोडलं होतं. त्या पुढे झाल्या. खोली लहान, थंड. लाकडी फळ्यांवर ओळीने कवट्या, खाली हाडांची नीट रचलेली चळत. जुन्यांवर गडद हिरव्या पानांच्या जाड माळा, अलीकडच्यांवर फुलं. लेक घाबरली नाही. ती एका कवटीसमोर उभी राहून नाव वाचायचा प्रयत्न करत होती, पण ती जुनी जर्मन लिपी, आम्हाला कुणालाच लागेना. सन तेवढा वाचता आला. शेवटी वहीत तिने ती अक्षरं चित्रासारखी जशीच्या तशी उतरवून घेतली आणि वरची गुलाबांची माळही काढली. सासूबाईंनी सोन्याच्या दातवाल्या बाईंपुढे हात जोडले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "नाव कोण रंगवायचं?" वसईकरदादा, मी सांगू शकले नाही.

वसईचा_पाव्हणा
तिथे हे काम कबर खणणाऱ्याकडेच असायचं, काकूंना सांगा. ज्याने खड्डा खणला, त्यानेच पुढे नाव रंगवायचं.

इसारकाठ
लेकीने उतरवलेल्या अक्षरांचा फोटो टाका. जुनी लिपी मला वाचता येते, नाव सांगतो.

ओवी_नाशिक
तिला विचारलं. ती म्हणते, इथे सगळ्यांना नको, फक्त तुम्हाला पाठव. व्यक्तिगत निरोपात पाठवते.